एका कान्याचा फरक

कुताइसीत, रिओनी नदीच्या पलीकडच्या काठाला,
उशांगी फ्रिज दुरुस्त करतो.
तेरा वर्षांपूर्वी एका पोराकडे
गॅस भरल्याचे पैसे नव्हते,
म्हणून त्यानं नाणी दिली, न वाजणारी.
"ठेवा काका, कधीतरी होतील."
उशांगीनं जुन्या लॅपटॉपात पाकीट उघडलं,
कुलूप घातलं,
आणि किल्ली ठेवली डोक्यात,
जिथं त्याला स्वतःचा चष्मासुद्धा सापडत नाही.

परवा बातम्यांत भाव ऐकला
आणि हातातला पाना हातातच राहिला.

बायकोचं नाव. चूक.
बायकोचं नाव, पुढे एक. चूक.
"माझं नसणारच," लामारा म्हणाली
आणि घेवडा निवडायला बसली.

फोनवर एकजण म्हणाला, तासात उघडतो,
आधी फक्त फी पाठवा.
तातिया हसली. संगणक शिकलेली, शेजारच्या जिन्यातली.
"कुलूप न बघता उघडतो म्हणणाऱ्याला
आपण काय म्हणतो, काका?"
तिनं यंत्र आणून मांडलं.
"हे सेकंदाला चार हजार शब्द घालून बघेल.
पण शब्द तुम्ही द्यायचे.
त्याला उशांगी ठाऊक नाही."

मग शाळेची वही.
कुत्र्याचं नाव, मुरिया.
पहिल्या गाडीचा नंबर.
आईच्या गावचा झरा, लष्करातला बिल्ला,
वीज कंपनीला घातलेल्या तीन शिव्या
(तातियानं मान खाली घालून टाईप केल्या).
नऊ रात्री पंखा घरघरत राहिला.
खोली इतकी ऊबदार झाली
की लामारा यंत्रावर मोजे वाळवू लागली.
आयुष्य उलटंसुलटं करून घातलं,
मोठ्या अक्षरांत, छोट्या अक्षरांत, शेवटून.
चूक, चूक, चूक.

दहाव्या दिवशी तातिया म्हणाली,
"काका, तुम्ही सगळं चांगलंच दिलंत."

तो बराच वेळ चहा ढवळत बसला.
साखर तर केव्हाच विरघळली होती.
मग वहीच्या शेवटच्या पानावर, कोपऱ्यात लिहिलं:
वालिको.

चारशे लारी, हातउसने,
एका कॉम्प्रेसरसाठी, त्याच हिवाळ्यात.
परत करायचे राहिले; मग लाज वाटायला लागली;
मग बेकरीवरून जाणारा रस्ताच सोडला.
पासवर्ड टाकताना दर वेळी टोचावं
म्हणून तोच ठेवला होता.
आणि टोचायचं म्हणून
पाकीट कधी उघडलंच नाही.

पहाटे साडेतीनला यंत्र थांबलं.
वालिकोचे चारशे.
एक अक्षर जास्तीचं,
थंडीत बधिर बोटानं दोनदा दाबलेलं.

आमच्या भाषेत विसर आणि विसार
यांत एका कान्याचा फरक.
विसार म्हणजे शब्द मोडणार नाही याची खूण.
विसर म्हणजे, कसला शब्द?

महाल वगैरे नाही झाला.
छपराचे पत्रे, लामाराचे दात, तातियाचा वाटा,
आणि व्हॅनला दुसरा गिअरबॉक्स.
त्याआधी आठशे लारी पाकिटात घालून
तेरा वर्षांनी तो बेकरीकडे वळला.

वालिको दारात आला, एक्क्याऐंशीचा,
कोटाची बटणं एक घर चुकवून लावलेली.
"कसले पैसे?"
उशांगीनं सांगितलं. पुन्हा सांगितलं.
कॉम्प्रेसर, हिवाळा, चारशे.
सुनेनं पाठीमागून खूण केली, राहू द्या.
"आत ये, गिवी," वालिको म्हणाला
आणि गिवी नसलेला उशांगी आत गेला.

पाकीट टेबलावर पडून राहिलं, पावाशेजारी.
सून ते घेईना, तोही उचलेना.
वालिको कुठल्याशा लग्नातली
गंमत सांगत होता, तीच, तिसऱ्यांदा,
आणि उशांगी तिन्ही वेळा हसला.

स्वयंपाकघरातून आवाज येत होता,
घुरघुर, मग ठक, मग शांत.
त्यानं आवाजावरूनच ओळखलं.
"घरात पाना आहे का?" त्यानं सुनेला विचारलं,
बाह्या वर सारत.